दोन मीटर उंचीवरचा मनुष्यस्वभाव

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत असा नियम आहे की, हाताने चालू-बंद करावयाच्या स्विचच्या किंवा सर्किट ब्रेकरच्या दांड्याचा, म्हणजे बोटांनी धरावयाच्या भागाचा, मध्यबिंदू तो दांडा सर्वांत वरच्या स्थितीत असताना जमिनीपासून किंवा काम करण्याच्या चौथऱ्यापासून २.० मीटर, म्हणजेच ६ फूट ७ इंच, यापेक्षा अधिक उंचीवर असता कामा नये. वरवर पाहता हे वाक्य भिंत, स्क्रू आणि मोजपट्टी यांच्यापुरतेच मर्यादित वाटते. परंतु बारकाईने वाचल्यास त्यात भिंतीपेक्षा भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचेच वर्णन अधिक असल्याचे ध्यानात येते, आणि ते वर्णन फारसे गौरवास्पद नाही. संहिता त्या माणसाचे नाव कोठेही घेत नाही. मात्र त्याचा हात कोठवर पोहोचतो, त्याला कशाचा कंटाळा आहे, मोकळी जागा दिसताच तो तिचे काय करतो आणि ऐन वेळी त्याच्या अंगी किती धीर उरतो, हे तिने इंचाइंचाने नोंदवून ठेवले आहे.

पुढील विवेचनापूर्वी दोन-तीन संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. सर्किट ब्रेकर म्हणजे ठरावीक मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागताच आपण होऊन वीज तोडणारी कळ; महाराष्ट्रात ती एमसीबी या नावाने ओळखली जाते, आणि ती पडली की घरातील मंडळी सर्वप्रथम खिडकीतून शेजाऱ्यांकडे दिवे आहेत की नाहीत हे पाहतात, कारण शेजारीही अंधार असल्यास दुःख निम्म्याने कमी होते. अशा अनेक ब्रेकरांची भिंतीवरील पेटी म्हणजे पॅनेल, ज्याला आपल्याकडील वायरमन डीबी म्हणतो. आणि एखादे यंत्र किंवा अख्खे घर पुरवठ्यापासून तोडण्यासाठी बसविलेली स्वतंत्र कळ म्हणजे डिस्कनेक्ट, अर्थात आपला मेन स्विच किंवा आयसोलेटर. या वस्तू एरवी वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात नसतात, आणि लक्षात येतात तेव्हा अंधार तरी झालेला असतो किंवा धूर तरी निघत असतो, म्हणून त्यांच्याविषयीचे सर्व निर्णय शांत डोक्याने अगोदरच घेऊन ठेवावे लागतात.

संहितेचा स्वभाव समजण्यासाठी तिचे कुळ पाहणे उपयुक्त ठरते. तिची पहिली आवृत्ती १८९७ साली निघाली, १९११ पासून ती राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या छत्राखाली आहे, आणि दर तीन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध होते. तिच्या जन्माच्या खटपटीत वीजतज्ज्ञ आणि वास्तुविशारद यांच्याबरोबर आगीचा विमा उतरविणारे लोकही होते. विमा उतरविणारा मनुष्य ग्राहकाच्या सद्गुणांवर विसंबून राहिला तर त्याचा धंदा पहिल्या पावसाळ्यातच बुडेल. त्यामुळे नागरिक मुळात समंजस आहे हे गृहीत धरून चालणारी एकही ओळ या ग्रंथात सापडत नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

आता मूळ आकड्याकडे वळावे. याच संहितेत पॅनेलसमोरील मोकळ्या जागेची उंची सांगणारे दुसरे एक कलम आहे आणि तेथेही २.० मीटर हाच आकडा दिलेला आहे. परंतु तेथे त्याचे फुटांतील मूल्य साडेसहा फूट असे लिहिले आहे. म्हणजे एकाच ग्रंथातील एकच दोन मीटर दांड्याच्या कलमात ६ फूट ७ इंच भरतात आणि मोकळ्या जागेच्या कलमात ६ फूट ६ इंच. गणिताने पाहिल्यास साडेसहा फूट म्हणजे १९८.१ सेंटिमीटर आणि ६ फूट ७ इंच म्हणजे २००.७ सेंटिमीटर, त्यामुळे खरे दोन मीटर या दोन्ही कलमांच्या मध्ये कोठेतरी संकोचून उभे असतात. ज्या देशाने मेट्रिक पद्धती पुस्तकात स्वीकारली आणि खिशातली टेप मात्र फुटांचीच ठेवली, त्या देशाच्या संहितेत एक इंचाची ही उदारता शिल्लक राहावी हे न्याय्यच म्हणावे लागेल.

दांडा 'सर्वांत वरच्या स्थितीत असताना' मोजावयाचा, या शब्दयोजनेत बरेच चातुर्य आहे. वर-खाली हलणाऱ्या ब्रेकरचा दांडा वर असला की वीज चालू, असा संहितेचा स्वतंत्र दंडक आहे. आणि धोक्याच्या वेळी जी कळ बंद करावयाची ती चालू, अर्थात वरच्या, स्थितीतच असणार, तेव्हा हात पोहोचला पाहिजे तो तेथवर. बंद स्थितीतील दांडा गाठता येतो म्हणून समाधान मानणाऱ्या कंत्राटदाराची वाट या एका वाक्यांशाने अडविली आहे. भारतात या बाबतीत अधिक वैचित्र्य आढळते, कारण येथील दिव्याची साधी कळ ब्रिटिश वळणानुसार खाली दाबली की चालू होते आणि त्याच भिंतीवरील एमसीबी वर ढकलली की चालू होते. तरीही कोट्यवधी कुटुंबे ही दोन परस्परविरोधी तत्त्वे एकाच भिंतीवर कोणतीही कुरकुर न करता नांदवीत आहेत.

या दोन मीटरांपर्यंत सर्वांचाच हात पोहोचतो असे मात्र नाही. सुमारे पाच फूट उंचीच्या व्यक्तीची बोटे टाचा उंचावल्यावर जेमतेम तेथवर जातात, आणि दांडा खाली ओढण्यासाठी नुसते टेकणे पुरत नाही. यावरून संहितेच्या मनातील मनुष्य हा बहुधा उंचापुरा, बूट घातलेला पुरुष असावा आणि त्याची पत्नी वीज गेल्यावर तो घरी येण्याची वाट पाहत बसत असावी, असे अनुमान निघते.

या मनुष्याचे अधिक तपशीलवार चित्र 'सहजगम्य' या संज्ञेच्या व्याख्येत सापडते. ब्रेकर आणि स्विच सहजगम्य असावेत, म्हणजे ज्याला त्यांची गरज आहे त्याला तेथे त्वरेने पोहोचता यावे, त्यासाठी त्याला कशावर चढावे लागू नये, कशाखालून सरपटावे लागू नये, अडथळे बाजूला करावे लागू नयेत, शिडी आणावी लागू नये आणि हत्यारे वापरावी लागू नयेत. केवळ किल्ली तेवढी चालेल. ही यादी वाचताना तिच्यातील प्रत्येक शब्दामागे कोणीतरी कोठेतरी केलेला पराक्रम दडलेला आहे, अशी शंका आल्यावाचून राहत नाही, कारण फुकाफुकी कोणीही 'सरपटणे' हा विषय कायद्यात आणीत नाही. किल्लीला दिलेली सूट तर विशेष मननीय आहे: शिडी सापडणार नाही हे संहितेने ओळखले, स्क्रूड्रायव्हर सापडणार नाही हेही ओळखले, परंतु किल्ली मात्र जागच्या जागी असेल असा विश्वास तिने का बाळगला, याचा उलगडा होत नाही.

नियम आहे तेथे अपवाद आहेतच. मोटार किंवा तत्सम उपकरणाच्या लगत बसविलेला स्विच दोन मीटरांहून उंच असला तरी चालतो आणि त्याच्यापर्यंत शिडीने जाण्यास मुभा आहे, कारण जेथे यंत्रच छतापाशी टांगलेले आहे तेथे त्याची कळ जमिनीलगत ठेवल्यास दुरुस्ती करणारा वर आणि कळ खाली अशी ताटातूट होते. दुसरा अपवाद आकडेकाठीचा, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या विद्युतरोधक दांडीचा आहे; अशा काठीने जमिनीवरून चालविता येणारे काही उंचावरील स्विच संहितेला मान्य आहेत. मुंबई-पुण्याच्या जुन्या चाळींत मेन स्विच आणि किटकॅट फ्यूज, म्हणजे चिनीमातीच्या खोबणीत तार ताणून बसविलेला फ्यूज, हे दाराच्या चौकटीच्याही वर बसविण्याची पद्धत होती, आणि तेथील गृहिणींनी आकडेकाठीचे हे तत्त्व अमेरिकेच्या साहाय्याविना स्वतंत्रपणे शोधून काढले होते. फरक इतकाच की त्यांची काठी इतर वेळी कपडे वाळत घालण्याच्या कामी येत असे आणि ती कोरडी आहे याची हमी कोणीच देत नसे.

कमाल उंचीविषयी इतकी दक्षता बाळगणारी ही संहिता किमान उंचीबाबत मात्र सर्वसाधारण घरांसाठी मौन पाळते, त्यामुळे एखाद्याने पॅनेल घोट्याच्या उंचीवर बसविले तरी निव्वळ उंचीच्या कलमाखाली त्याला अडविणे अवघड जाते. याउलट तयार करून आणलेल्या फिरत्या घरांसाठी, ज्यांना अमेरिकेत मोबाइल होम म्हणतात, बाहेरील डिस्कनेक्टची पेटी जमिनीपासून किमान ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट, वर असली पाहिजे असे स्पष्ट सांगितले आहे. पाया असलेले घर आपली काळजी आपण घेईल आणि चाके असलेल्या घराची काळजी सरकारने घ्यावी, असा काहीसा हा न्याय दिसतो.

संहितेतील खरे मनोविश्लेषण आढळते ते पॅनेलसमोरील मोकळ्या जागेच्या नियमांत. घरगुती दाबाच्या पॅनेलसमोर किमान ३ फूट खोल आणि ३० इंच रुंद, आणि पेटी त्याहून रुंद असल्यास पेटीइतकी, जागा मोकळी हवी. पेटीचे दार किमान ९० अंशांत उघडले पाहिजे. आणि ही जागा सामान साठविण्यासाठी वापरता येणार नाही, असे वेगळे वाक्य घालून बजावले आहे. या शेवटच्या वाक्याची गरज तर्कशास्त्राला नव्हती, कारण मोकळी ठेवावयाची जागा मोकळी ठेवावी हे मोकळ्या या विशेषणातच आले. ती गरज माणसाला होती. अमेरिकेतील गॅरेजमध्ये पॅनेलसमोर रंगाचे डबे, बर्फ उपसण्याची फावडी आणि व्यायामाची सोडून दिलेली सायकल यांचा निवास असतो. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या मीटररूममध्ये रखवालदाराची वळकटी, हवा गेलेल्या सायकली, दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवाची थर्माकोलची कमान आणि निवडणुकीच्या वेळी आणलेल्या व परत न गेलेल्या खुर्च्या गुण्यागोविंदाने राहतात, आणि वायरमन आला की कार्यकारिणीतील एक सदस्य 'जरा तेवढं बाजूला घ्या' असे म्हणून अदृश्य होतो. घरातील डीबीची अवस्था याहून निराळी नसते. तिच्या दारावर दिनदर्शिका, दिनदर्शिकेच्या खिळ्यावर किल्ल्या, किल्ल्यांवर पिशवी आणि पिशवीत गॅसची पुस्तिका असा थर साचत जातो, त्यामुळे आणीबाणीच्या प्रसंगी वीज तोडणाऱ्याला आधी एकादशी कधी आहे हे पाहावे लागते.

पॅनेल कोठे नसावे, याचीही यादी संहितेत आहे: कपड्यांच्या कपाटात नसावे, कारण कपडे पेटतात, निवासी घरातील न्हाणीघरात नसावे, कारण तेथे माणूस ओला असतो, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर नसावे, कारण तेथे ठिणगी उडाल्यास दचकून मागे सरणाऱ्याच्या मागे जमीन नसते. भारतीय मानकांतही स्विचबोर्ड गॅसच्या शेगडीवर किंवा सिंकवर बसवू नये असे म्हटले आहे. मराठी स्वयंपाकघरांच्या रचनेकडे पाहता, शेगडी आणि सिंक टाळल्यावर उरणारी भिंत ही बहुधा फ्रिजने अगोदरच अडविलेली असते.

अंतराचा विचार उंचीच्या विचाराशी निगडित असल्याने येथे त्याचाही उल्लेख केला पाहिजे. मोटारीचा डिस्कनेक्ट मोटारीच्या दृष्टीच्या टप्प्यात हवा, असे संहिता सांगते आणि लागलीच त्या टप्प्याची व्याख्या करते: वस्तू दिसली पाहिजे आणि ती ५० फुटांहून, म्हणजे १५ मीटरांहून, दूर नसावी. यंत्रात हात घातलेल्या कारागिराला आपल्या नकळत कोणी वीज चालू करीत नाही ना हे मान वळवून पाहता यावे, हा यामागील हेतू आहे, आणि काही ठरावीक परिस्थितीत डिस्कनेक्ट नजरेआड ठेवण्यास मुभा दिलीच, तर तेथे बंद स्थितीत कुलूप लावण्याची सोय हवी असा आग्रह आहे. म्हणजे कारागिराने सहकाऱ्यांवर नजर ठेवावी, आणि नजर पोहोचत नसेल तेथे कुलुपावर भिस्त ठेवावी. दीर्घकाळ एका छताखाली काम केलेल्या कोणालाही यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

भारतीय नियमांचा स्वर किंचित वेगळा आहे. इमारतींतील वायरिंगविषयक भारतीय मानक ७३२ नुसार, स्विचबोर्डाचा खालचा काठ जमिनीपासून १.२५ मीटरच्या आत येऊ नये, पुढील बाजू दाराने पूर्णपणे झाकलेली असेल किंवा तेथे फक्त अधिकृत व्यक्तींचाच प्रवेश असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे अमेरिकन संहितेला माणूस वर पोहोचणार नाही याची चिंता आणि भारतीय मानकाला मूल खालून पोहोचेल याची. परंतु या क्षेत्रातील सर्वांत रसाळ नियम १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होता आणि तो २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही कायम राहिला. स्विचबोर्डासमोर किमान १ मीटर रुंदीची जागा मोकळी असावी, हे सांगून झाल्यावर तो नियम पाठीमागे वळतो आणि म्हणतो की मागील बाजूस उघडी जोडणी असल्यास मागची जागा एकतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी असावी किंवा ७५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असावी. प्रथम वाचनात हा आकड्यांचा लहरीपणा वाटतो. वस्तुतः त्यात सूक्ष्म दूरदृष्टी आहे. वीस सेंटिमीटरच्या फटीत कोणाचेच शरीर शिरत नाही, पंचाहत्तर सेंटिमीटरच्या वाटेने ते सुरक्षितपणे जाऊन परत येते, आणि या दोहोंमधील प्रत्येक अंतर असे असते की त्यात शिरण्याचा मोह होतो, शिरताही येते, मात्र उघड्या तारेला पाठ न लावता बाहेर पडता येत नाही. ज्या देशात फलाटावर लोकलच्या डब्यात एकही माणूस मावणार नाही हे दिसत असताना आणखी सहाजण आत जातात, त्या देशाच्या नियमकर्त्यांनी 'जेमतेम मावणे' हाच धोका मानावा, यात त्यांचे लोकजीवनाचे निरीक्षण दिसून येते. मागील वाट पंचाहत्तर सेंटिमीटरहून रुंद असल्यास ती १.८ मीटर उंचीपर्यंत मोकळी असावी, अशी पुष्टीही जोडलेली आहे, म्हणजे आत गेलेल्याचे डोकेही हिशेबात धरले आहे.

या सर्व मापांचा एक समान शत्रू आहे आणि तो म्हणजे जमीन. उंची जमिनीपासून मोजावयाची, परंतु जमीन जागेवर राहत नाही. फरशीवर फरशी चढविली की पॅनेल न हलता खाली येते. अंगणातील माती वाहून गेली की घराबाहेरील डिस्कनेक्ट न हलता वर जातो. आणि महाराष्ट्रातील शहरांत दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवे डांबर ओतले जात असल्याने रस्त्याकडेच्या विजेच्या पेट्या हळूहळू बुटक्या होत जातात. पाणी हा तर याहून मोठा अडथळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा तळमजल्यावरील मीटररूमना १.२५ मीटरच्या नियमाचा फारसा उपयोग नव्हता. २०१२ साली सँडी चक्रीवादळाच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये समुद्राचे पाणी तळघरांत शिरले आणि तेथील विद्युत सामग्री सर्व संहितांसह बुडाली. अमेरिकेच्या किनारपट्टीवर पूररेषेच्या नियमांनुसार अशी सामग्री पुराच्या अपेक्षित पातळीवर न्यावी लागते, आणि विद्युत संहितेनुसार दांडा दोन मीटरांच्या आत ठेवावा लागतो. या पेचातून वाट निघते ती 'काम करण्याचा चौथरा' या शब्दांमुळे, कारण उंची जमिनीपासून किंवा चौथऱ्यापासून मोजता येते. त्यामुळे खांबांवर उभारलेल्या घराशेजारी लाकडी चौथरा बांधून त्यावर जिन्याने चढण्याची सोय केली जाते आणि तेथून दांडा कायदेशीररीत्या हाताशी येतो. पेटी खाली आणता येत नसेल तर जमीन वर न्यावी, हा उपाय कोणत्याही शासनयंत्रणेला शोभेल असाच आहे. फक्त पॅनेल त्या जिन्याच्या पायऱ्यांवर येणार नाही एवढी खबरदारी घ्यावी लागते, नाहीतर एका कलमातून सुटलेला गृहस्थ दुसऱ्यात सापडतो.

इंग्लंडने हा प्रश्न तुलनेने शांतपणे हाताळला. तेथील २०१५ च्या मार्गदर्शक नियमांनुसार नव्या घरातील ब्रेकरपेटीचे स्विच जमिनीपासून १३५० ते १४५० मिलिमीटर या पट्ट्यात असावेत, म्हणजे लहान मुलाला ते लांब पडावेत आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्याला जवळ. शंभर मिलिमीटरच्या त्या पट्ट्यात वाद घालण्यास फारसा वाव नसल्यामुळे विनोदाच्या दृष्टीने हा नियम निरुपयोगी आहे.

हात पोहोचला, जागा मोकळी मिळाली, पाण्यापासूनही बचाव झाला, तरी नेमका कोणता ब्रेकर पाडावयाचा हा प्रश्न उरतो, आणि अमेरिकन संहितेने तोही सोडलेला नाही. पॅनेलमधील प्रत्येक शाखेचा उपयोग स्पष्ट, निश्चित आणि वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेला असावा, आणि तो राहणाऱ्यांच्या बदलत्या परिस्थितीवर अवलंबून असलेल्या शब्दांत लिहू नये, असा तिचा आदेश आहे; म्हणजे 'बाळूची खोली' असे लिहिता येणार नाही, कारण बाळू मोठा होतो, शिकतो, लग्न करतो आणि दुसरीकडे राहावयास जातो, तर खोलीतील वायरिंग तेथेच राहते. मराठी घरांतील डीबीवर मात्र असा आदेश चालण्याची शक्यता कमी, कारण तेथे मुळात एकच चिठ्ठी वायरमनने बॉलपेनने लिहिलेली असते, तिच्यावरील 'हॉ' एवढेच अक्षर शिल्लक राहिलेले असते, आणि ते हॉलचे की हॉटप्लेटचे याविषयी कुटुंबात दोन पक्ष असतात. परिणामी एकेक ब्रेकर पाडत जाणे आणि घरभर कान देऊन उभे राहणे ही शोधाची रूढ पद्धत झाली आहे: मालिकेच्या ऐन रंगात आलेल्या प्रसंगी आरोळी उठली की तो ब्रेकर हॉलचा, आणि न्हाणीघराच्या बंद दाराआडून डोळ्यांत साबण गेलेल्या आजोबांनी घराण्याचा उद्धार केला की तो गीझरचा. फ्रिजचा ब्रेकर तेवढा काहीच बोलत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी दूध नासल्यावरच ओळखता येतो.